घरातलं एकच मत

मी अमेरिकेची नागरिक झाले आणि लगेच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. आमच्या बेलव्ह्यूच्या घरात तेव्हा माणसं चार होती आणि मत एकच. नवऱ्याची नागरिकत्वाची फाइल माझ्याबरोबरच गेली होती, तरी ती कुठल्यातरी दुसऱ्या ऑफिसात अडकून पडली होती. का, ते कुणी सांगत नव्हतं. मुलगी पंधरा वर्षांची. आणि बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी राहायला आले होते. त्यामुळे फेब्रुवारीत मतपत्रिकेचं पाकीट आलं तेव्हा त्यावर नाव माझं असलं, तरी ते उघडताना चौघांची डोकी टेबलावर वाकली होती.

आमच्या राज्यात मतदान केंद्र नसतं. मतपत्रिका पोस्टानं घरी येते. आपण ती भरायची, पाकिटात घालून सही करायची आणि पोस्टात किंवा लायब्ररीबाहेरच्या लोखंडी पेटीत टाकायची. ही पहिली फेरी होती, पक्षानं कुणाला उभं करायचं ते ठरवण्याची. खुर्चीवर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध कोण लढणार, एवढाच तेव्हा प्रश्न होता.

बाबा निवृत्त शिक्षक. नोकरीच्या काळात एकही निवडणूक अशी गेली नाही की त्यांना ड्युटी लागली नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या शाळांमध्ये त्यांनी रात्री काढल्या होत्या, पेट्यांना लाखेचं सील लावलं होतं, पुढे मतमोजणीलाही बसले होते. माझं पाकीट त्यांनी चष्मा वर करून उलटसुलट पाहिलं.

"हे काय आहे?" त्यांनी बोट ठेवलं.

पाकिटाच्या बाहेर, सहीच्या जागेजवळ, दोन चौकोन होते. आपण कुठल्या पक्षाच्या बाजूनं मत देतोय, ती खूण तिथे करायची. नाही केली तर मत धरत नाहीत.

"म्हणजे पाकिटावरच कळते, कोणत्या पक्षाचा माणूस आहे ते?"

"फक्त या फेरीत, बाबा. आणि पोस्टमनला काय पडलंय?"

"त्याला नसंल पडलं. ज्याला पडलं आहे त्याला तं कळते न."

मी हसले. नंतर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सहज शोधलं, तर ती खूण काही दिवस सार्वजनिक नोंद असते, मागणाऱ्याला यादी मिळू शकते, असं निघालं. घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं नाही. माझं नागरिकत्व अजून नवं होतं आणि नवऱ्याची फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मला उगाच वाटायला लागलं, की त्या चौकोनातली खूण आणि ती फाइल कुठेतरी एकमेकींना भेटतील.

कुणाला मत द्यायचं यावर मात्र सुरुवातीला वाद नव्हता. त्या यादीत एक बाई होत्या, त्या मला मनापासून आवडायच्या. प्रश्न विचारला की त्या प्रश्नाचंच उत्तर द्यायच्या. मुलीनं तर त्यांची सगळी भाषणं ऐकली होती. बाथरूममध्ये दात घासताना फोन बेसिनवर ठेवून ती ऐकत असे. "प्रॉमिस कर आई, तू तिलाच देशील," ती म्हणाली होती आणि मी "हो गं" म्हटलं होतं.

मग एका रविवारी आम्ही माझ्या मैत्रिणीकडे जेवायला गेलो. ही मूळची पुण्याची. आम्ही एकाच ऑफिसात, आमच्या मुली एकाच शाळेत. ती माझ्या कितीतरी आधी नागरिक झालेली, त्यामुळे शाळेचे फॉर्म असोत की निवडणूक, तिचं म्हणणं आमच्याकडे शेवटचं असायचं. ताटं वाढताना मी तिला सांगितलं, मी अमक्या बाईंना देणार आहे.

"ब्रिलियंट आहे गं ती," मैत्रीण म्हणाली. "मला पण आवडते. पण ते लोक नाही निवडून देणार तिला."

"ते म्हणजे कोण?"

"अगं, हेच. आपल्या ऑफिसच्या बाहेरचं पब्लिक. आपल्याला काय, आपल्याला चालेल. पण समोर सिटिंग प्रेसिडेंट आहे यार. इथे एक्सपेरिमेंट नाही करायचा. सेफ माणूस उभा करायचा, ज्याचा कुणाला राग नाही. तो आहे की यादीत."

तो म्हणजे एक वयस्कर, राजकारणात मुरलेले गृहस्थ. त्यांच्याबद्दल आमच्या ओळखीत कुणी भारावून बोलत नसे आणि कुणी वाईटही बोलत नसे. नवऱ्यानं लगेच मान डोलावली. म्हणाला, "लॉजिक बरोबर आहे."

मी आमटी वाढून घेतली. ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. पहिल्या नोकरीसाठी मी पुण्यात गेले, तेव्हा एका बाईंची खोली मला पसंत पडली होती. चावी हातात द्यायच्या आधी त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग घरी कुठले सण करता ते विचारलं. आणि म्हणाल्या, "आम्हाला काही नाही हो, आम्हाला चालेल. पण सोसायटीतले लोक ऐकणार नाहीत." त्या सोसायटीतला एकही माणूस मला कधी दिसला नाही. तेव्हापासून "आम्हाला चालेल पण लोकांना नाही" असं कुणी म्हटलं, की मी त्या लोकांना शोधायला लागते.

मैत्रिणीबद्दल तसं वाटायला खरं तर काही आधार नव्हता. ती पहिल्यांदा आमच्या घरी आली होती तेव्हा बुद्धमूर्ती आणि तिच्या शेजारचा निळ्या कोटातला फोटो पाहून क्षणभर थांबली होती आणि मग म्हणाली होती, "फ्रेम मस्त आहे गं, कुठून घेतलीस?" बस, एवढंच. इतक्या वर्षांत तिच्याकडून वावगा शब्द नाही. माझ्या बाळंतपणानंतर पंधरा दिवस डबा तिनं दिला होता. तरी गाडीतून परत येताना माझ्या डोक्यात तेच. ते लोक त्या बाईंना निवडून देणार नाहीत, की हिलाच त्या नको आहेत?

मग मी ठरवलं, ते लोक आपणच जाऊन बघायचे. आमच्या शेजारी एक गोरे आजोबा राहतात, एकटे. जुना पिकअप ट्रक, स्वतःचं छप्पर स्वतः दुरुस्त करणारे. उन्हाळ्यात त्यांच्या झाडाचे प्लम पिशवीत घालून आमच्या दाराशी ठेवतात. त्यांच्या अंगणात कधी कुठल्या उमेदवाराची पाटी नाही, ट्रकवर स्टिकर नाही. एरवी मला हे आवडायचं, पण त्या दिवसांत तेच खटकायला लागलं. माणूस लपवतोय म्हणजे काय लपवतोय?

एका संध्याकाळी टपालपेटीपाशी ते भेटले. हवा, पाऊस, झाडाची छाटणी, सगळं झाल्यावर मी विचारलं, "निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांविरुद्ध कोण उभं राहावं असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी हातातली पाकिटं नीट जुळवली. रस्त्याकडे पाहिलं. "कोणीही उभं राहिलं तरी काय," ते म्हणाले. "शेवटी सगळं त्या एका माणसावरच आहे. नाही का?" आणि हात करून आत गेले.

मी तिथेच उभी. त्या एका माणसावर म्हणजे त्याला घालवायचं म्हणून, की ठेवायचं म्हणून? जेवताना मी हे सगळं घरात सांगितलं. नवरा म्हणाला, "म्हणजे ते त्याच्या विरोधात आहेत." मुलगी म्हणाली, "ओह माय गॉड, ते ऑब्व्हियसली त्यालाच देणार आहेत." बाबा मात्र खूश झाले.

"हेच तं मी केव्हाचा सांगून राहिलो. जिथे बसलेला माणूस पुन्हा उभा असते, तिथे लोक दुसऱ्याचं नावबी वाचत नाहीत. एक तं त्याला पाडाले येतात नाही तं त्याला वाचवाले. मी लायनीत उभे लोक पाहिले आहेत. समोरचा हुशार आहे का, बाई आहे का माणूस आहे, ते मागून पेपरवाले लिहितात."

"मग तुम्ही जन्मभर पडणाऱ्यालाच का मत दिलंत?" मी विचारलं. ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. नागपूरला आमच्या वस्तीतून एक वकील दर वेळी उभे राहायचे, दर वेळी पडायचे. आणि आसपासचे लोक आम्हाला समजवायचे, माणूस चांगला आहे हो, पण निवडून येत नाही, कशाला मत वाया घालवता.

बाबांनी भाताचा घास संपवला. "मोजणीच्या टेबलावर मी असो नाही तं दुसरा कोणी असो. गठ्ठे लागतात. त्याच्या नावाचा गठ्ठा अगदीच पातळ दिसू नये, असं वाटे. बाकी काही नाही."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "दॅट्स सो सॅड, आजोबा," ती म्हणाली. बाबांना त्यात सॅड काय ते कळलं नाही.

मार्च उजाडला आणि आमच्याच भागात त्या नव्या साथीच्या बातम्या सुरू झाल्या. ऑफिसनं सांगितलं, घरूनच काम करा. निवडणूक कार्यालयानं कळवलं, पाकीट जिभेनं चिकटवू नका. बाबांनी एका बशीत ओला कापूस आणून दिला. दुपारची वेळ होती, नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, मुलगी शाळेत. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर मतपत्रिका उघडली आणि पेनाचं टोपण काढलं, तसे बाबा उठले, सिंककडे तोंड करून उभे राहिले आणि नळ सोडून आधीच धुतलेला कप धुवायला लागले.

"बाबा, बसा हो. तुमच्यापासून काय लपवायचं?"

"भर तू. झालं की सांग."

त्या बाईंच्या नावापुढचा गोल रिकामा होता. पेन तिथे नेलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते शेजारचे आजोबा आले, पाकिटं जुळवताना. त्यांच्यासारखे किती असतील, एवढ्या मोठ्या देशात. त्यांना चालेल का ही बाई? मी त्यांना ओळखते म्हणजे काय ओळखते, प्लमच्या पिशवीपुरती. नाहीच चालणार, असं मी मनाशी म्हटलं. आणि हरलो तर आणखी चार वर्षं तोच माणूस, तीच धाकधूक आणि नवऱ्याची ती फाइल. मी पेन खाली आणलं आणि त्या सेफ गृहस्थांच्या नावापुढचा गोल भरला. काळजीपूर्वक, कडेला रेष जाऊ न देता.

"झालं," मी म्हटलं. बाबांनी नळ बंद केला. पाकीट मी कापसानं चिकटवलं, बाहेरच्या चौकोनात खूण केली, सही केली आणि लायब्ररीबाहेरच्या पेटीत टाकून आले.

मुलगी शाळेतून आली ती बूट काढायच्या आधीच विचारत आली. "तिला दिलंस ना?"

"हो."

"प्रॉमिस?"

"हो म्हटलं ना."

तिनं माझ्याकडे थोडं जास्त वेळ पाहिलं. मग आजोबांकडे वळली. "आजोबा, तुम्ही पाहिलं?"

"मी पाठ करून उभा होतो," बाबा म्हणाले. ते खरंच होतं, पण त्यांनी ते ज्या थंडपणे सांगितलं, त्यावरून मला वाटलं, त्यांनी ओळखलंय.

काहीच दिवसांत त्या बाई शर्यतीतून बाहेर पडल्या. मुलगी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसले तशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "ॲट लीस्ट आपण तरी तिला दिलं." मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. 

त्याच आठवड्यात शाळा बंद झाल्या आणि मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. तांदूळ कुठे मिळतोय, मास्क कुठे मिळतात, असं बोलणं चाललं होतं. मध्येच ती म्हणाली, "मला फार वाईट वाटलं गं तिचं. मी तिलाच दिलं होतं मत."

"कुणाला?"

"अगं, त्या बाईला."

"तू? तू तर म्हणाली होतीस ती निवडून येणार नाही."

"मी लोकांचं सांगत होते. माझं मत माझं असतं ना? बाकी सगळे त्या सेफ माणसाला देणारच होते, माझ्या एकटीच्या मतानं काय होणार होतं? निदान मनासारखं तरी केलं. तू पण तिलाच दिलंस ना?"

मी म्हटलं, "हो." दुसऱ्यांदा.

फोन ठेवला आणि संतापानं माझे कान गरम झाले. हिनं आम्हाला जेवायला बोलावून सांगितलं की बाई पडणार, आणि स्वतः मनासारखं करून मोकळी झाली. थोड्या वेळानं दुसरा संशय आला. ती आता खोटं तर बोलत नसेल? बाई बाहेर पडल्यावर तसं म्हणायला सोपं होतं. मी नाही का आत्ताच बोलले. कोणी कुणाला मत दिलं हे शोधायला काही मार्गच नाही, आणि तो नसावा म्हणूनच तर बाबा सिंककडे तोंड करून उभे राहिले होते.

मग पत्र आलं. निवडणूक कार्यालयाचं. तुमच्या पाकिटावरची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. सोबतच्या कागदावर सही करून अमुक तारखेच्या आत पाठवा, नाहीतर मत मोजलं जाणार नाही.

"माझीच का?" मी म्हटलं. नवरा म्हणाला, "ज्यांची जुळत नाही त्या सगळ्यांना येतं. तू लायसन्सच्या वेळी कशी सही केली होतीस ते आठव, त्यांच्याकडे तीच असते." लायसन्सच्या ऑफिसात मी स्क्रीनवर बोटभर पेननं घाईत काहीतरी गिरबटलं होतं, हे खरं. पण आडनाव पाहून तर पाकीट बाजूला काढलं नसेल? बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून माझ्यासमोर ठेवलं.

"सही कर."

"राहू द्या, बाबा. ते गृहस्थ आता जिंकतच आहेत. माझ्या मतानं काय होणार आहे?"

बोलून झाल्यावर लक्षात आलं, की हे मैत्रिणीचंच बोलणं होतं. पण मनातलं कारण वेगळं होतं. ते मत मोजलं गेलं नसतं, तर मी ते दिलंच नाही असं मला मानता आलं असतं. मुलीशी बोललेलं खोटं थोडं कमी खोटं झालं असतं.

"कोणालेबी दिलं असो," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे नव्हे, कागदाकडे पाहत होते. "दिलेलं मत मोजलं गेलं पाहिजे. इतकी वर्षं मी पेट्या वाहिल्या ते काहून?"

मी सही केली. लायसन्स समोर ठेवून, त्यावरची गिरबट बघून बघून. स्वतःच्याच सहीची नक्कल.

विमानं बंद झाली, बाबांचं परतीचं तिकीट कॅन्सल झालं, व्हिसा वाढवून घ्यावा लागला. त्यामुळे नोव्हेंबरची खरी निवडणूकही त्यांनी आमच्याकडेच पाहिली. नवऱ्याची फाइल सुटली, पण नागरिकत्वाच्या शपथविधीची तारीख पुढे ढकलली गेली होती, म्हणून तेव्हाही मत माझं एकटीचंच. या वेळी कुणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता. मी सगळ्यांसमोर गोल भरला. निकालाला दिवसांमागून दिवस लागले, आणि शेवटी ते सेफ गृहस्थ जिंकले, बसलेला माणूस हरला.

त्या शनिवारी आम्ही सगळे जेवायच्या टेबलावर होतो. मैत्रीण फोनवर होती, स्पीकरवर. "बघ, मी म्हटलं होतं ना? दुसरं कुणीही असतं तर हरलो असतो." बाबा म्हणाले, "काहीच्या काही. कोणालेबी उभं केलं असतं तरी हेच झालं असतं. लोक त्याला पाडाले आले होते." मुलगी म्हणाली, "ती असती तर अजून जास्त मतांनी जिंकलो असतो." तिघांनाही पक्की खात्री होती. तीच निवडणूक दुसऱ्या उमेदवाराला घेऊन पुन्हा लावता येत नाही, म्हणून तिघांपैकी कुणालाच खोटं पाडता येत नव्हतं. फोन बंद झाल्यावर मुलगी माझ्याकडे वळली. "आई, तू तरी सांग आजोबांना. तू तर तिला व्होट केलं होतंस."

मी म्हटलं, "नव्हतं केलं."

नवऱ्यानं चमचा खाली ठेवला. बाबा हलले नाहीत.

"मला वाटलं, लोक तिला देणार नाहीत," मी म्हटलं.

"कोण लोक?"

माझी नजर खिडकीकडे गेली. शेजारच्या घरात दिवा होता. तिनं माझ्या नजरेचा माग घेतला.

"त्यांनी सांगितलं तुला तसं?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

मी मैत्रिणीचं नाव घेऊ शकले असते. घेतलं नाही, कारण माझा तिच्यावर विश्वास नव्हता, आणि तरी मी तिचं ऐकलं होतं.

"सो देअर वॉज नो लोक," मुलगी म्हणाली. "इट वॉज जस्ट यू."

ती ताट घेऊन वर गेली. नवरा तिच्यामागे जायला उठला, तर बाबांनी त्याला हातानं थांबवलं. मला वाटलं, बाबा आता माझ्या बाजूनं काही बोलतील. ते एवढंच म्हणाले, "खोटं नव्हतं बोलाले पाहिजे पोरीशी. मताचं तुझं तू पाहा."

आठवडाभर ती माझ्याशी इंग्रजीत आणि कामापुरतं बोलली. मग हळूहळू पूर्वीसारखं झालं, निदान वरून तरी. एकदा गाडीतून जाताना मीच विषय काढला. म्हटलं, नोव्हेंबरचं मत तर तुझ्यासमोरच भरलं होतं, तिथे काही लपवलं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण मग पाकीट बंद करून पेटीपर्यंत तू एकटीच गेली होतीस ना."

"म्हणजे?"

"नथिंग. ओके."

तिनं विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीनं हॉर्न दिला, आणि मी गाडी पुढे घेतली.